विश्लेषण : दात्याच्या पेशी रुग्णाच्या हाडात ‘रुजतात’ कशा? प्रत्यारोपणाची तयारी गावाजवळच्या रक्तपेढीतच का सुरू होते?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हटले की डोळ्यांसमोर मोठी शस्त्रक्रिया उभी राहते. प्रत्यक्षात रुग्णासाठी तो दिवस बराच शांत असतो. सलाइनच्या स्टँडला एक लालसर पिशवी लटकवली जाते आणि काही तासांत ती शिरेवाटे रुग्णाच्या शरीरात रिकामी होते. चिरफाड नाही, टाके नाहीत. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पिशवीतून आलेल्या पेशी हाडांच्या पोकळीत जाऊन रुजल्या की नाही, हे कळायला दोन ते चार आठवडे लागतात.

रायगड जिल्ह्याच्या एका टोकाला, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत देशातील महत्त्वाचे प्रत्यारोपण केंद्र आहे. दुसऱ्या टोकाला मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे किनारी तालुके आहेत. तिथल्या थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवून आणायचे, तर घरातल्या एकाचा दिवस मोडतो. ही दोन टोके एकमेकांपासून फार लांब वाटतात. पण दात्याच्या पेशी कशा रुजतात आणि का रुजत नाहीत, हे समजून घेतले की त्यांचा थेट संबंध दिसतो. पेशी रुजण्याची शक्यता वाढवायची असेल, तर त्यातले निम्मे काम प्रत्यारोपणाच्या वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी, कित्येक वर्षे आधी झालेले असावे लागते.

पेशी ‘रुजतात’ म्हणजे नेमके काय होते?

आपल्या हाडांच्या पोकळीतील मऊ गर म्हणजे अस्थिमज्जा. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचा हा कारखाना. हा कारखाना चालवणाऱ्या मूळ पेशींना मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत हा कारखाना बिघडलेला किंवा बंद पडलेला असतो. प्रत्यारोपणात तो रिकामा करून त्या जागी निरोगी दात्याच्या मूलपेशी बसवल्या जातात.

या पेशी शिरेतून सोडल्या तरी हाडापर्यंत वाट कशी काढतात? मज्जेतील आधारपेशी एक विशिष्ट प्रथिन सोडत असतात आणि मूलपेशींच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा ग्राहक असतो. या रासायनिक हाकेच्या मागे मूलपेशी मज्जेत पोहोचतात, तिथल्या कोनाड्यांत स्थिरावतात आणि विभागून नवे रक्त तयार करू लागतात. पोहोचणे, टिकणे आणि उत्पादन सुरू करणे हे तीनही टप्पे पार पडले, तरच पेशी रुजल्या असे म्हणतात.

रायगडकरांना हे समजायला अवघड नाही. राबातले भाताचे रोप उपटून चिखलणी केलेल्या शेतात लावले की ते आधी मलूल होते, पिवळे पडते. मुळे धरली की मग हिरवे होते. मूळ धरेपर्यंतचे ते दिवस शेतकरी जसा जपतो, तसेच हे आठवडे डॉक्टर जपतात. या काळात रुग्णाकडे स्वतःच्या पांढऱ्या पेशी जवळपास नसतात. साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

रुजल्या हे कशावरून कळते?

रोज रक्ताची तपासणी होते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या सलग तीन दिवस प्रति मायक्रोलिटर ५०० किंवा त्याहून अधिक राहिली, तर त्यातला पहिला दिवस हा पेशी रुजल्याचा दिवस मानला जातो. प्लेटलेटसाठी साधारण निकष असा, की सात दिवस बाहेरून प्लेटलेट न देता संख्या २० हजारांच्या वर राहिली पाहिजे.

दात्याच्या हातातील शिरेतून यंत्राद्वारे गोळा केलेल्या मूलपेशी सहसा दोन आठवड्यांच्या आसपास रुजतात. कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेला तीन आठवडे लागू शकतात. नाळेतील रक्तातल्या पेशी सर्वांत सावकाश, चार आठवड्यांच्या आसपास. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मज्जा पाठीच्या मणक्यातून काढत नाहीत, तर कमरेच्या हाडाच्या मागच्या भागातून, दात्याला भूल देऊन काढतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.

यानंतर ‘कायमेरिझम’ चाचणी होते. रुग्णाच्या रक्तातील किती टक्के पेशी दात्याच्या आहेत आणि किती स्वतःच्या, हे डीएनएवरून मोजले जाते. थॅलेसेमियात हा आकडा शंभर टक्के असलाच पाहिजे असे नाही. दात्याच्या पेशींचे प्रमाण कमी असूनही ते स्थिर राहिले, तर मूल बाहेरच्या रक्ताशिवाय जगू शकते, असा अनुभव आहे. पण तो आकडा दर तपासणीत घसरत असेल, तर ती धोक्याची घंटा असते.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. प्रत्यारोपणासाठी रक्तगट जुळणे सक्तीचे नाही. जुळावा लागतो तो एचएलए, म्हणजे पेशींवरचा ओळखपत्रासारखा खुणांचा संच. रक्तगट वेगळा असेल, तर पेशी रुजल्यावर काही काळाने रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्यासारखा होतो.

कधी कधी पेशी रुजत का नाहीत?

कारणे ढोबळमानाने चार आहेत.

पहिले, पेशींची संख्या अपुरी. मूलपेशी ‘सीडी-३४’ या खुणेवरून मोजतात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख अशा पेशी असाव्यात, त्याहून जास्त असतील तर बरे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणूनच नाळेतील रक्ताची एक पिशवी लहान मुलाला पुरते, पण मोठ्या माणसाला बहुतेकदा कमी पडते.

दुसरे, जमीन नीट तयार नसणे. नव्या पेशी देण्यापूर्वी केमोथेरपी, आणि काही आजारांत रेडिएशन, देऊन जुनी मज्जा रिकामी केली जाते. याला कंडिशनिंग म्हणतात. त्याचे काम दुहेरी असते : जागा करणे, आणि रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला नव्या पेशींवर हल्ला करण्यापासून रोखणे. औषध कमी पडले तर पेशी नाकारल्या जातात, जास्त झाले तर यकृत आणि इतर अवयवांना इजा होते. बुसल्फान या औषधाचे रक्तातील प्रमाण माणसागणिक वेगळे असते. त्यामुळे ते मोजून डोस ठरवणे, हा पेशी रुजण्याची शक्यता वाढवणारा एक महत्त्वाचा उपाय ठरला आहे.

तिसरे, जुळणीतील फरक. एचएलए जितका वेगळा, तितका नकाराचा धोका जास्त.

चौथे कारण सर्वांत कमी चर्चिले जाते, आणि या लेखाचा मुद्दा तिथेच आहे. रुग्णाच्या शरीराची स्मृती. आधी चढवलेल्या रक्तातून परक्या पेशींची ओळख झालेली असेल, तर प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करून ठेवते. पुढे तशाच खुणा असलेल्या दात्याच्या पेशी आल्या, की त्या रुजण्याआधीच मारल्या जातात.

यात एक पेच आहे. दात्याच्या पिशवीत मूलपेशींबरोबर टी पेशी नावाच्या लढाऊ पेशीही असतात. त्या रुग्णाच्या उरलेल्या प्रतिकारशक्तीला आवरतात आणि मूलपेशींना रुजायला मदत करतात. पण त्याच टी पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. या गुंतागुंतीला जीव्हीएचडी म्हणतात. सगळ्या टी पेशी काढून टाकल्या तर हा हल्ला टळतो, पण नकाराचा धोका वाढतो. प्रत्यारोपणाचे सारे कौशल्य या तोलात आहे.

थॅलेसेमियात हा प्रश्न अधिक गंभीर का?

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला आधीच केमोथेरपीचे अनेक हप्ते मिळालेले असतात. त्याची प्रतिकारशक्ती त्यामुळे काहीशी थकलेली असते. थॅलेसेमियाच्या मुलाचे उलट असते. त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते, मज्जा जास्त काम करून फुगलेली असते आणि लहानपणापासून अनेक दात्यांचे रक्त शरीरात गेलेले असते. पेशी नाकारल्या जाण्यासाठी याहून पोषक परिस्थिती नाही.

याचे सर्वांत बोलके आकडे इटलीतील पेझारो शहरातून आले. तिथे डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांच्या पथकाने थॅलेसेमियाच्या शेकडो मुलांवर प्रत्यारोपण केले. १९९० मध्ये त्यांनी १६ वर्षांखालील रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मुलांचे यकृत वाढलेले नव्हते आणि यकृतात तंतूही तयार झाले नव्हते, त्यांच्यात तीन वर्षांनी आजार परत न येता जगण्याची शक्यता ९४ टक्के होती. ज्यांच्यात या दोन्ही गोष्टी होत्या, त्यांच्यात ती ५३ टक्के होती. औषधांची पद्धत तीच, रुग्णालय तेच, डॉक्टर तेच. फरक होता तो मूल कोणत्या अवस्थेत तिथे पोहोचले याचा.

यकृताची ही अवस्था ठरवण्यात मोठा वाटा लोहाचा असतो. लोह उतरवणारे औषध नियमित मिळाले की नाही, हा पुढे पेझारोच्या वर्गवारीतला तिसरा निकष झाला. गेल्या तीन दशकांत कंडिशनिंगच्या पद्धती सुधारल्या आणि जोखमीच्या गटातील मुलांचे निकालही सुधारले. पण जोखमीचा हा क्रम बदललेला नाही.

लोहाचा इथे काय संबंध?

रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची नैसर्गिक सोय माणसाच्या शरीरात नाही. महिन्याला एक-दोन पिशव्या म्हटल्या, तरी काही वर्षांत यकृत, हृदय आणि ग्रंथींमध्ये लोहाचा थर साचतो.

खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उधाणाने बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे तिथे भात धरत नाही. बियाणे कितीही चांगले आणा. लोहाने भरलेल्या यकृताचेही तसेच आहे. कंडिशनिंगची औषधे सोसण्याची ताकद त्याच्यात उरत नाही, आणि डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो. डोस कमी, म्हणजे नकाराचा धोका जास्त.

बांध घालण्याचे काम तीन औषधे करतात : डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन आणि डेस्फेरॉक्सामिन. पहिली दोन तोंडाने घ्यायची, तिसरे औषध इंजेक्शनने किंवा पंपाने. रक्तातील फेरिटिन हे मोजमाप १००० च्या खाली ठेवणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. त्यासाठी गोळी रोज लागते. ‘या महिन्यात स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य ज्या खिडकीवर ऐकू येते, तिथे प्रत्यक्षात एका मुलाच्या प्रत्यारोपणाचे यश थोडे थोडे कमी होत असते.

मग रक्तपेढीचे काय?

दात्याच्या रक्तात लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही असतात. थॅलेसेमियाच्या मुलाला गरज फक्त लाल पेशींची असते. एचएलएच्या खुणा प्रामुख्याने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटवर असतात, आणि शरीराला परक्या पेशींची ओळख होते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ल्युकोडिप्लिशन फिल्टर या पांढऱ्या पेशी गाळून काढतो. त्यामुळे रक्त चढवताना येणारा ताप आणि थंडी कमी होते, आणि पुढे दात्याच्या पेशी नाकारणारी प्रतिपिंडे तयार होण्याचा धोकाही घटतो. रक्ताची साठवण करण्यापूर्वीच, रक्तपेढीत गाळले तर परिणाम अधिक चांगला मिळतो.

दुसरी गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची आहे, आणि ती भावनेच्या विरुद्ध जाते. मुलाला रक्त लागते तेव्हा आई-वडील, भाऊ, काका, मामा पुढे येतात. ‘आमच्याच घरातले रक्त द्या, बाहेरचे नको’ असा आग्रह असतो. ज्या मुलाचे पुढे प्रत्यारोपण होण्याची शक्यता आहे, त्याला जवळच्या नातेवाइकांचे रक्त चढवू नये. उद्याचा मूलपेशी दाता त्याच कुटुंबातून येणार असतो. आज त्यांचेच रक्त चढवले, तर मुलाची प्रतिकारशक्ती त्या दात्याला आधीच ओळखून ठेवू शकते. शिवाय नातेवाइकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच हल्ला करण्याची दुर्मीळ, पण अतिशय घातक शक्यता असते. घरच्यांनी रक्तदान जरूर करावे. ते दुसऱ्या कोणाच्या तरी मुलासाठी वापरले जाईल, आणि आपल्या मुलाला अनोळखी दात्याचे रक्त मिळेल, अशी देवाणघेवाण रक्तपेढीत होऊ शकते.

दाता मिळतो कसा?

सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडे असतील, तर त्यांतले किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. कुटुंबे लहान होत चालली तशी ही शक्यताही घटत गेली.

भावंड जुळले नाही, तर दात्यांच्या नोंदणी यादीत शोध घेतला जातो. जगभरातील अशा याद्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत. त्यांत भारतातील याद्यांचा वाटा काही लाखांचाच. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात. त्यामुळे कोकणातल्या रुग्णाला जुळणारा दाता जर्मनीतल्या यादीपेक्षा आपल्याकडच्या यादीत सापडण्याची शक्यता जास्त, पण आपली यादीच तोकडी. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. दहीहंडी आणि गणेशोत्सवातील रक्तदान शिबिरांत हे एक टेबल वाढवायला फार काही लागत नाही.

तिसरा मार्ग अर्ध्या जुळणीचा. आई किंवा वडील हे मुलाशी नेहमीच किमान अर्धे जुळतात. पूर्वी अशा प्रत्यारोपणात नकार आणि जीव्हीएचडी दोन्हींचे प्रमाण फार होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विकसित झालेल्या पद्धतीत, पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध दिले जाते. त्या वेळी हल्ल्याच्या तयारीत वेगाने वाढणाऱ्या टी पेशी त्यात मरतात आणि शांत मूलपेशी वाचतात. या एका युक्तीने ज्यांना दाताच नव्हता अशा अनेकांसाठी दार उघडले. मात्र इथेही पुन्हा तीच अट आडवी येते. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर पेशी रुजत नाहीत. त्यामुळे आधी ती चाचणी करतात. प्रतिपिंडे सापडली तर दाता बदलतात, किंवा प्लाझ्मा बदलून आणि औषधे देऊन ती कमी करतात. हा खर्च आणि ही जोखीम कुठून आली? अनेकदा, वर्षानुवर्षे चढवलेल्या न गाळलेल्या रक्तातून.

जगात नवे काय घडते आहे?

नाळेतील रक्तात पेशी कमी असतात, म्हणून त्या प्रयोगशाळेत वाढवून देण्याचा प्रयत्न दीर्घकाळ सुरू होता. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ‘ओमिडुबिसेल’ला रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मान्यता दिली. चाचणीत न्यूट्रोफिल सावरण्याचा मध्यकाळ नेहमीच्या नाळरक्तात २२ दिवस होता, तो यात १२ दिवसांवर आला. दात्याकडून पुरेशा मूलपेशी मिळाव्यात म्हणून जी-सीएसएफ हे इंजेक्शन वापरतात. प्लेरिक्झाफोर हे औषध मूलपेशी आणि मज्जा यांच्यातील ती रासायनिक पकड सैल करून पेशी रक्तात आणते. ज्यांचे स्वतःच्याच पेशींचे प्रत्यारोपण होते, त्यांना त्याचा उपयोग झाला आहे.

थॅलेसेमियात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ट्रिओसल्फान या औषधावर आधारित कंडिशनिंग वापरून जोखमीच्या गटातील मुलांचे निकाल सुधारून दाखवले. हे काम आपल्याच देशात झाले, हे विशेष.

जनुकीय उपचारात दात्याची गरजच उरत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी काढून, दुरुस्त करून परत दिल्या जातात. परके काही नसल्याने त्या पद्धतीने नाकारल्या जाण्याचा प्रश्न येत नाही. ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. पण त्यातही बुसल्फान द्यावे लागते आणि यकृत धडधाकट असावे लागते. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर. म्हणजे उद्या हा उपचार स्वस्त झाला, तरी लोहाचा प्रश्न सोडवल्याशिवाय त्याचा पूर्ण लाभ मिळणार नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरून हे कसे दिसते?

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केले. पुढे टाटाचे हे केंद्र खारघरला आले. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचे बोरिवलीतील केंद्र आहे. म्हणजे नकाशावर पाहिले, तर रायगडचा किनारा भाग्यवान आहे. देशातल्या अनेक जिल्ह्यांना अशी केंद्रे हजार किलोमीटरवर शोधावी लागतात.

पण श्रीवर्धनहून खारघर दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि वाटेत मुंबई-गोवा महामार्ग आहे. अलिबागकरांना मांडव्याहून बोट आहे, पण पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी लाँच बंद असतात. प्रत्यारोपणानंतरचे पहिले १०० दिवस रुग्णाने केंद्राजवळ राहावे लागते. तापाचा कण आला तरी तासाभरात रुग्णालय गाठता आले पाहिजे. मासेमारीवर किंवा वाडीवर पोट असलेल्या घरातील एक माणूस तीन महिने पनवेल-खारघरला भाड्याच्या खोलीत राहिला, तर घरची मिळकत तेवढे दिवस बंद. परतल्यावरही कोकणातल्या पावसात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी हा खरा धोका असतो.

पैशांची एक सोय ठाऊक असायला हवी. कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ सुरू आहे. कुटुंबात जुळणारा दाता असलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांना ठरावीक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रही मिळू शकते. पण या सगळ्याचा उपयोग मूल योग्य वयात, योग्य अवस्थेत केंद्रापर्यंत पोहोचले तरच.

प्रत्येकाने प्रत्यारोपण करावेच का?

नाही. प्रत्यारोपणात मृत्यूची जोखीम असते, जीव्हीएचडी असते, पुढे वंध्यत्वाची शक्यता असते. नियमित रक्त आणि लोह उतरवणारी औषधे मिळाली, तर थॅलेसेमियाची माणसे शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. जुळणारे भावंड नसेल, तर निर्णय अधिकच कठीण होतो. पण एक गोष्ट दोन्ही वाटांना सारखीच लागू आहे. गाळलेले रक्त आणि लोहावर ताबा. प्रत्यारोपण झाले तर ते रुजण्यासाठी, नाही झाले तर तसेच चांगले जगण्यासाठी. त्यामुळे यावर केलेला खर्च वाया जाण्याची शक्यताच नाही.

मग करायचे काय?

‘एका जिल्ह्यात अशी मुले असणार किती, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था कशाला?’ असा प्रश्न येईल. उत्तर त्याच प्रश्नात आहे. मुले थोडी आहेत, म्हणूनच प्रत्येकाचे नाव लिहून, प्रत्येकाची पिशवी आणि गोळी आधीच राखून ठेवणे शक्य आहे. यासाठी नवी इमारत लागत नाही.

चार गोष्टी जिल्हा पातळीवर होऊ शकतात. एक, थॅलेसेमियाच्या रुग्णासाठी जाणारी प्रत्येक पिशवी गाळलेलीच असेल, असा नियम. सरकारी धोरणानुसार या रुग्णांना रक्त मोफत मिळते. फिल्टरचाही त्यात समावेश हवा, त्याचे पैसे पालकांच्या खिशातून जाता कामा नयेत. दोन, लोह उतरवणाऱ्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आणि तिथून तालुक्यांत. तीन, निदान झाले त्याच वर्षी मूल, भावंडे आणि आई-वडील यांची एचएलए तपासणी. मूल दहा वर्षांचे झाल्यावर दाता शोधू लागलो, तर मधल्या वर्षांत यकृत थांबून राहत नाही. चार, प्रत्यारोपण केंद्राजवळ किनारी तालुक्यांतील कुटुंबांसाठी १०० दिवसांची स्वच्छ, परवडणारी निवासव्यवस्था. यात जिल्हा परिषद, पनवेल महापालिका आणि जिल्ह्यातील मोठे कारखाने यांना सहज हात लावता येईल.

पाचवी गोष्ट मुलाच्या जन्माआधीची. केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळणाऱ्या समाजांच्या यादीत सिंधी, गुजराती, लोहाणा यांच्यासोबत कोळी समाजाचेही नाव आहे. वाहक माणूस पूर्ण निरोगी असतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, एक साधी रक्ततपासणी हे सांगू शकते.

पालकांनी पुढच्या वेळी रक्त चढवायला जाताना तीन प्रश्न विचारावेत. ही पिशवी गाळलेली आहे का? या वेळी फेरिटिन किती आले? आणि घरातल्यांची एचएलए तपासणी कधी करायची? या तीन प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली, तर काही वर्षांनी खारघर किंवा बोरिवलीच्या खोलीत स्टँडला लटकणाऱ्या त्या पिशवीतल्या पेशींना तयार जमीन मिळेल. लावणीचा दिवस एकच असतो, मशागत मात्र आधीपासून करावी लागते.